पाणी सांडायलंय!

दाजीबामामा कुणाच्याही घरी गेले की आधी बटणं बघायचे. दिवसा बल्ब जळताना दिसला, की नळ उघडा राहिल्यासारखे ओरडायचे, "अरे, पाणी सांडायलंय ना!" आणि स्वतःच बंद करायचे. एकदा सरपंच चहाला बाहेर गेले, तेवढ्यात मामांनी छत्रीच्या टोकानं ग्रामपंचायतीचा पंखा बंद केला.

घाम पुसत सरपंच म्हणाले, "मामा, पंख्यातून कुठं पाणी गळतं वो?"

"हितं न्हाई. तिकडं येलदरीच्या धरणात कमी व्हायलंय. त्याच पाण्यावर लाइट बनती."

एकदा लाइनमननं त्यांना अडवलं, "मामा, आपल्याकडं परळीच्या कोळशाची बी लाइट येती."

मामा म्हणाले, "कोळसा बी कुणाच्या तरी गावाखालचाच असंल की!"

सेलूच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहून मी पिठाच्या गिरणीपुरते पैसे जमवले. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही. या एका माणसानं हरवलं, आणि तो राग अजून गेलेला नाही. गिरणीच्या लायनीचा एक खांब त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, रोवायचा होता. तो नाही तर वीज नाही, आणि आणलेली मोटार गंजत पडणार. मी पैसे देऊ केले, वाढवत गेलो; मामा तंबाखू मळत राहिले. शेवटी चिडून म्हणालो, "तुमाला पायजे तरी काय?"

"दिवसा बलप लावायचा न्हाई. दाणे संपले की मोटार बंद. आन् पत्र्याला एक भोक पाड, उजेडाला."

"नवा पत्रा हाय वो!"

"मग खांब बी दुसऱ्याच्या धुऱ्यावर रोव."

मी चारचौघांत त्यांना नको नको ते बोललो. आठ दिवसांनी स्वतःच वर चढून भोक पाडलं. पावसाळ्यात ते बरोबर माझ्या मानेवर गळतं.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी सगळं गाव जमलं. नारळ फुटला, पट्टा फिरला, पीठ पडू लागलं. मामा मात्र दिसेनात. बाहेर येऊन बघतो, तर ते धुऱ्यावर खांबाला कान लावून उभे!

"मामा, शॉक लागंल!" मी धावलो.

"न्हाई लागत. आमच्या गावावरनंच येती ती."

कोणतं गाव, असं विचारलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. येलदरीच्या पाण्याखाली मामांचं गाव गेलं होतं. घर, मळा आणि आईला जिथं अग्नी दिला तो पूर्णेचा काठसुद्धा. मी खांबाला हात लावला. आत बारीक गुणगुण चालली होती. माझी मोटार कशावर फिरत होती, हे मी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं.

मामा आत आले. पहिल्या दळणातलं मूठभर पीठ त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधलं.

"कुठं निघालात?"

"देवगाव फाट्यावर जिंतूरची गाडी गाठतो. येलदरीला जायलोय. माय पहाटंपासून जात्यावर बसायची, लय दळलं तिनं. सांगून येतो तिला, ऊठ म्हणावं आता. पाणी दळायलंय."