एका वेळी एकच गोळी

साबळेकाकांकडून दुसरी गोळी हवी असेल, तर पहिल्या गोळीचं रिकामं पाकीट आधी जमा करावं लागे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात काकांनी उभा जन्म स्टोअर सांभाळलं. तिथं तुटका पाना जमा केल्याशिवाय नवा पाना कुणाला मिळाला नाही, मॅनेजरलासुद्धा. रिटायर झाल्यावर पाने गेले, गोळ्या आल्या, नियम तोच राहिला.

सिडकोतल्या आमच्या गल्लीत कुणी बरं झालं, की उरलेल्या गोळ्या काकांच्या बिस्किटांच्या डब्यात जमा व्हायच्या. फेकून देणं जिवावर येतं हो, चांगल्या महागाच्या गोळ्या. पुन्हा कुणाला दोन शिंका आल्या, की त्याच बाहेर निघायच्या. डब्यात मानाची जागा अँटिबायोटिकला. काका त्याला 'अँटिबायटीक' म्हणत, तेही आवाज खाली आणून, बड्या साहेबाचं नाव घ्यावं तसं.

"साधीसुधी गोळी नाय ही, अँटिबायटीक हाय. जंतू कन्नडच्या घाटापर्यंत मागं वळून बघत नाय."

हा शब्द त्यांच्याकडे औषधापुरता कधी राहिलाच नाही. झणझणीत ठेचा अँटिबायटीक. कामचुकारांना सरळ करणारी आमच्या वॉर्डातली मुकादमीणबाई अँटिबायटीक. आमच्या हिला तर त्यांनी तोंडावर सांगितलं, "सूनबाई, सरांना तुमच्यासारखी अँटिबायटीकच पाहिजे होती." ही आठवडाभर खूश होती. मला काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही.

गोळी मात्र एका वेळी एकच. "उद्या या, दुसरी देतो. कसं वाटतंय ते बी सांगा." मग अंगणातल्या खुर्चीत बसायचं. पाणी यायचं, पाण्यामागून चहा, आणि चहामागून फुलंब्रीच्या शेतातल्या विहिरीची गोष्ट. पाणी लागेपर्यंत उठायची सोय नसे.

आणि मग आमच्या हिला लघवीला जळजळ सुरू झाली. काकांच्या दोन गोळ्यांत बरं वाटलं, तिनं सोडून दिलं. थोड्याच दिवसांत दुखणं परतलं ते ताप घेऊन. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली आणि रिपोर्ट बघून कपाळाला हात लावला. या जंतूंवर ती गोळी आता चालणार नव्हती.

"अँटिबायोटिक म्हणजे ताकदीची गोळी नव्हे," त्या म्हणाल्या. "ती फक्त जिवाणूंवर चालते. सर्दी-पडसं विषाणूंचं, तिथं तिचा काडीचा उपयोग नाही. आणि मनानं घेतली, मनानं सोडली, की नरम जंतू मरतात, दांडगे उरतात. ते मग औषधाला भीक घालत नाहीत."

गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? काका आले आणि दारातच उभे राहिले. "म्हंजी सूनबाईला मी पाडलं आजारी?"

"तसं नाही हो काका," ही म्हणाली. पण तिला खोटं बोलता येत नाही. काका तसेच डबा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि तिथंच ठेवून आले.

त्यानंतर अंगणातली खुर्ची रिकामी पडली. गोळीच नाही तर कोण कशाला जाईल? काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. काका फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "बरी हाय ना तब्येत?" लोक 'बरी आहे' म्हणून पुढे जात. गोळी एकेक का मिळत होती, ते मला तेव्हा उमगलं आणि फार वाईट वाटलं.

पुढे माझ्या पायाला गळू झालं. डॉक्टरीणबाईंनी त्याला चीर दिली, दिवसाला एक गोळी लिहून दिली आणि सगळा कोर्स पूर्ण करायला बजावलं. मेडिकलमधून गोळ्या घेऊन मी सरळ काकांचं फाटक उघडलं.

"काका, मी विसरभोळा माणूस. ह्या तुमच्याकडं असू द्या. रोज संध्याकाळी एक देत जा."

काकांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, पाकिटावरचं नाव ताडून पाहिलं. "व्हय, बराबर हाय." मग रोज संध्याकाळी पाणी, गोळी, चहा, विहीर. एकदा पाहुण्यांमुळे मला उशीर झाला, तर काका आमच्या दारात हजर. "सर, चला लवकर. तिकडं दांडगे उठून बसतील."

गळू बरं झालं. शेवटच्या संध्याकाळी काकांनी गोळी काढली आणि तळहातावर धरून बघत बसले. मग सुरीनं तिचे दोन तुकडे केले. एक माझ्या हातावर ठेवला, दुसरा कागदात गुंडाळू लागले.

"अर्धी आज घ्या," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "अर्धी उद्या."

डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. मी हात पुढे करून दुसराही तुकडा मागून घेतला. दोन्ही तुकडे एकदमच पाण्याबरोबर गिळले.

"कोर्स संपला, काका. उद्या मी नुसताच येतो. चहाला."

काका सुरी पुसत राहिले. बराच वेळ पुसली.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.