दोन सीटांची वरात

भगवंतरावांची पांढरी गाडी बावीस वर्षांची. तिनं आजाऱ्यांना दवाखान्यात नेलं, टोमॅटोची क्रेटं नारायणगावला पोचवली, मुलाला, भरतला कॉलेजात सोडलं. लग्न ठरताच त्याच भरतला तिची लाज वाटू लागली. नवरी आणायला त्यानं पुण्याहून जुन्या जमान्यातली लाल स्पोर्ट्‌स कार भाड्यानं सांगितली आणि पांढरी गाडी लग्नानंतर आळेफाट्याच्या गिऱ्हाइकाला द्यायचंही ठरवून टाकलं. भगवंतरावांचा मात्र जीव तुटत होता.

नवरीच्या गावी, शिनोलीत लग्न झक्कास लागलं. पाठवणीच्या वेळी मात्र उलगडा झाला, की लाल गाडीला सीटा दोनच, आणि तिचा मालक स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. म्हणजे जागा उरली एक. इकडं नवरी वृषालीच्या मागं कऱ्हा घेतलेली करवली आणि तिच्यामागं पाठराखीण म्हणून निघालेली आजी, सारजाबाई.

"नवरीला एकटी धाडायची आमच्यात रीत न्हाई," सारजाबाईंनी निकाल दिला.

फोटोवाला तर लाल गाडीपुढं तयार उभा. अखेर लाल गाडीत एकटा नवरदेव बसला. तिघीजणी पांढऱ्या गाडीत मागं बसल्या. पुढं भगवंतरावांशेजारी रुखवताची भांडी.

पहिल्याच गतिरोधकाला लाल गाडीचं पोट घासलं. मालकानं नवरदेवाला अदबीनं खाली उतरवलं आणि हलकी झालेली गाडी तिरपी करत पलीकडं नेली. मग तो शिरस्ताच पडला. दर गतिरोधकाला भरत मुंडावळ्या सावरत उतरायचा आणि पायी पलीकडं जायचा. घोडेगावात टपरीवरच्या मंडळींनी गाडी ढकलू लागू का, अशी आपुलकीनं चौकशी केली.

सातव्या गतिरोधकाला भगवंतरावांनी गाडी थांबवली. "ये मागं," ते म्हणाले.

"जागा कुठंय आबा?"

सारजाबाई आधीच दार उघडून उतरल्या होत्या. "आता नवरा हाय पोरीसंगं. मंग माजं काय काम? मी बसते तिकडं."

आजींचं वजन कोथिंबिरीच्या जुडीएवढं. लाल गाडी कुठं म्हणून घासली नाही, सुसाट निघाली.

नवरदेवाच्या गावी, बोरी बुद्रुकला निरोप होता, की लाल गाडीतून नवरी येणार. लाल रंग दिसताच बँड सुरू झाला, बायकांनी ताट उचललं. पदराआडचा चेहरा दिसेपर्यंत अर्धं ओवाळून झालं होतं. हात मध्येच थांबवणं अशुभ, म्हणून त्यांनी ते पुरं केलं, भाकरतुकडाही उतरवून टाकला. सारजाबाईंनी सगळं शांतपणे करून घेतलं.

गर्दीमागं अडकलेल्या पांढऱ्या गाडीकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"मामंजी, बसू की निवांत," वृषाली म्हणाली. "हितं लई बरं वाटतंय."

भगवंतरावांनी आरशातून पोराकडं पाहिलं. भरतनं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि आळेफाट्याला फोन लावला.

"भाऊ, गाडी न्हाई द्यायची. घरात माणूस वाढलंय."