नळी कडक की नरम : कौटुंबिक समितीचा अहवाल

कोणतंही घर प्रेमावर उभं नसतं, ते वेळेवर नेमलेल्या समितीवर उभं असतं. आमच्या घराला हे उशिरा उमगलं, पण उमगलं.

बायकोने हौसेने नऊ मासे आणले. काचेची टाकी बैठकीच्या खोलीत आली, पाणी स्वच्छ करणारा फिल्टर खालच्या कपाटात बसला, आणि दोघांना जोडायचं कशाने हा प्रश्न उरला : कडक पीव्हीसी पाइपने की वाकणाऱ्या नरम नळीने? तोवर मासे बाथरूममधल्या बादलीत ठेवण्यात आले. (तात्पुरते.)

समितीत आम्ही तिघे. सासरे अध्यक्ष. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेले, त्यामुळे ते कडक पाइपचे. टॉवेलसुद्धा ते काटकोनात वाळत घालतात. मेहुणा नळीचा, अकरा वर्षांत सात नोकऱ्या बदललेल्या माणसाला लवचीकपणाचं महत्त्व सांगावं लागत नाही. मी सचिव. बायकोला समितीत घेतलं नाही. मासे तिचेच असल्यामुळे तिचे हितसंबंध गुंतलेले होते.

चर्चेचा दर्जा उच्च होता. कडक पाइप देखणा, टिकाऊ; मात्र जोडाला एकदा चिकटवायचं सोल्युशन लावलं की चूक निस्तरायला करवतच लागते. नळी हवी तशी वळते. मात्र वळता वळता मुडपते आणि पाणी अडतं.

"माणसाने ताठ असावं," सासरे म्हणाले.

"माणसाचं नाही, नळीचं चाललंय बाबा," मेहुणा म्हणाला.

(इथे सभा चार दिवस तहकूब.)

तज्ज्ञ म्हणून प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, काहीही बसवा, पण आजच बसवा. बादलीत मासे टिकत नाहीत." हे मत तांत्रिक नसल्यामुळे इतिवृत्तात घेतलं नाही. चहा मात्र दिला.

तिसऱ्या सभेपर्यंत मासे सहा उरले. म्हणजे पाण्याची गरज तेहतीस टक्क्यांनी घटली, सबब पाइपची जाडी नव्याने ठरवणं आलं. पाचव्या सभेला तीन. पुन्हा जाडी. बायको सकाळ-संध्याकाळ मगाने बादलीतलं पाणी बदलायची. तिच्या अभिनंदनाचा ठराव आम्ही टाळ्यांच्या गजरात संमत केला. एकदा ती दारात येऊन म्हणाली, "अहो, तो काळा मासा सारखा वर येऊन तोंड उघडतोय. काहीही जोडा ना." अध्यक्षांनी तिला विषयपत्रिका दाखवली. काळ्या माशाचा विषय तीत नव्हता.

सातव्या सभेला माशांची संख्या शून्य असल्यामुळे दोन्ही पर्याय सारखेच निर्धोक ठरले आणि निर्णय एकमताने झाला. आमच्या घरात एवढी एकी मी लग्नानंतर प्रथमच पाहिली. बायकोने बादली उपडी केली, घासली आणि जागेवर ठेवून दिली. मला फार वाईट वाटलं, पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नसतो.

आता टाकीत पाणी अखंड खेळतं, थेंबभर गळत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ही सगळी हकिगत सांगतो. आजवर एकोणचाळीस जणांनी ऐकली आणि एकोणचाळीसही जणांनी शेवटी एवढंच विचारलं, "मग बसवलं काय, पाइप की नळी?"

तुम्हीही मघापासून त्याच उत्तराची वाट बघताय. संकोच करू नका, समितीत तुमच्यासाठी जागा आहे.