ताणलं की करकरतं

सासूबाई चोरून ऐकत होत्या असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं आहे. त्या दारामागचा झाडू घ्यायला गेल्या होत्या. झाडू हातात आला आणि तेवढ्यात शिवणाच्या खोलीतून सूनबाईचा आवाज आला, तोही दबका. दिवसभर घसा फाडून बोलणारी बाई दबक्या आवाजात बोलायला लागली, तर झाडू घेऊन मुकाट निघून जाईल अशी सासू अजून जन्माला यायची आहे.

सूनबाई फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. ही मैत्रीणही घरी शिवणकाम करणारी.

"जुनं झालंय गं. दिसायला धडधाकट, पण आतून पार गेलंय. जरा ताणलं की करकरतं."

सासूबाईंनी झाडू छातीशी धरला.

"नाही गं, काही जीव राहिला नाही त्यात. कार्यक्रमाच्या आधी काढून टाकते गपचूप. घरात कळलं तर तमाशा होईल. आणि नवीन येतंय ना, मम्मी आजच घेऊन येतेय. चांगलं रुंद आहे. एकदा बसलं की जागचं हलायचं नाही." मग थोडा वेळ पलीकडून काहीतरी विचारणं झालं, आणि सूनबाई फिसकन हसली. "त्याचं काय विचारतेस! दिवसभर घरात बसून असतं आणि खायला चार वेळा लागतं."

आता हे कुणाबद्दल, ते सांगायला ज्योतिषी नको होता. समोर 'आई, आई' आणि पाठीमागे 'ते म्हातारं', ही रीत सासूबाईंना काय ठाऊक नव्हती? स्वतःच्या सासूचा उल्लेख त्यांनी जन्मभर असाच केला होता. जुनं झालंय म्हणे. काढून टाकते म्हणे. आणि जागेवर कोण बसणार? मम्मी घेऊन येतेय म्हणजे मम्मीच येतेय. विहीणबाई! रुंदीबद्दल तर शंकाच नव्हती. त्या रिक्षात बसल्या की दुसऱ्या माणसाला दुसरी रिक्षा करावी लागते.

ज्या खोलीतून त्यांना काढायचं चाललं होतं, ती खोली सासूबाईंनी उभी केली होती. मशीन त्यांचं, कापायचं टेबल त्यांचं, गिऱ्हाइकं त्यांनी तोंड वाजवून जमवलेली. सध्या नाचाच्या क्लासच्या मुलींचे स्कर्ट शिवायचं काम होतं. कंबरेला नेफा, नेफ्यात इलॅस्टिक. तेही सासूबाईंनी स्वतः निवडलेलं. मोठं बंडलच त्यांनी कधीकाळी घेऊन पेटीत जपून ठेवलं होतं. निम्मे स्कर्ट झाले होते, निम्मे व्हायचे होते.

'आतून गेलंय काय? दाखवते,' असं मनाशी म्हणत त्या खोलीत शिरल्या आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. बसल्या म्हणजे ठाण मांडलं.

सूनबाईनं फोन घाईघाईनं ठेवला. हेही सासूबाईंनी टिपलं.

"आई, आज राहू दे. तुम्ही पडा जरा."

"का? मला काय धाड भरलीय?"

"तसं नाही. उरलेले स्कर्ट उद्या करू ना. घाई काय आहे?"

"घाई मला नाही. ज्यांना आहे त्यांना आहे."

सूनबाई गप्प झाली. गप्प बसणारी सून म्हणजे काहीतरी दडवणारी सून, हे सासूबाईंचं जुनं मत होतं. त्यांनी सेफ्टी पिनेला इलॅस्टिक अडकवलं, नेफ्यात सारलं आणि पुढे ढकलत ढकलत दुसऱ्या टोकाला काढलं. टोकं एकमेकांवर ठेवून उलटसुलट इतक्या शिवणी मारल्या की त्या उसवायला पहार लागावी. एक स्कर्ट झाला की दुसरा. हात कापत नाहीत, डोळे पाझरत नाहीत, बघून घ्या सगळ्यांनी.

सूनबाई दोनदा येऊन दारात घुटमळली. एकदा तर तिनं तयार स्कर्टांच्या ढिगाकडे हळूच हात नेला.

"ठेव ते!" सासूबाई कडाडल्या. तिनं हात मागे घेतला.

जेवायला हाक आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला भूक नाही."

"का हो आई?"

"खायला चार वेळा लागणारी माणसं वेगळी."

सूनबाईचा चेहरा एकदम उतरला, आणि सासूबाईंचा संशय पक्का झाला. पोटात मात्र कावळे ओरडत होते. दुपारभर त्या पाण्यावर राहिल्या. एकदा बिस्किटाच्या डब्याकडे नजर गेली, पण डब्याचं झाकण वाजतं हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वाभिमान राखला.

शेवटचा स्कर्ट हातावेगळा झाला तेवढ्यात दाराची घंटी वाजली. सूनबाई मोरीत होती आणि मुलगा, नेहमीप्रमाणे, स्वयंपाकघरात. सासूबाईंना उठावं लागलं. दार उघडलं तर समोर विहीणबाई. धापा टाकताहेत, कपाळाला घाम, हातात भली मोठी पिशवी.

"बाई बाई, काय हे जिने!" म्हणत त्या सरळ आत आल्या, शिवणाच्या खोलीत शिरल्या आणि समोर दिसलं त्या स्टुलावर बसल्या. सासूबाईंच्या स्टुलावर. बसल्या त्या खरंच जागच्या हलेनात.

"उठा," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, दम तर खाऊ द्या."

"दम तुमच्या घरी खा. एवढी घाई? माझी जागा अजून गार नाही झाली!"

"म्हणजे?"

"कपडे किती आणलेत?"

"कपडे?" विहीणबाई गोंधळून स्वतःकडे बघायला लागल्या. "अंगावर आहेत तेच!"

"मग पिशवीत काय आहे?"

विहीणबाईंनी पिशवी पोटाशी घेतली. "ते लेकीनं मागवलंय. तुम्हाला दाखवायचं नाही म्हणालीय."

एवढं ऐकल्यावर सासूबाई थांबणार होत्या थोड्याच! त्यांनी पिशवीचा एक बंद धरला, विहीणबाईंनी दुसरा सोडला नाही, आणि मधल्यामध्ये पिशवी उलटी झाली. आतून पांढऱ्या रुंद इलॅस्टिकचं बंडल पडलं आणि उलगडत उलगडत मशीनखाली गेलं.

आवाज ऐकून सूनबाई ओल्या हातांनी धावत आली. मागून मुलगा आला. हातात वाटी, तोंडात घास.

"काय झालं? आईला कोण काय म्हणालं?" त्यानं भरल्या तोंडानं विचारलं.

"तुझ्या बायकोला विचार! जुनं झालंय, आतून गेलंय, काढून टाकते, असं फोनवर सांगत होती."

"अगं, तू आईला असं म्हणालीस?" मुलगा कधी नव्हे ते गरजला. "लाज नाही वाटली?"

"अहो, आईंना नाही हो!" सूनबाई रडायच्या बेताला आली. तिनं ढिगातला एक स्कर्ट उचलला आणि कंबर दोन्ही हातांनी ताणली. नेफ्यातून कर्रर्र आवाज आला. मग तिनं हात सैल सोडले. कंबर होती तशीच ताणलेली राहिली, पोत्याच्या तोंडासारखी. "हे! हे जुनं झालंय. पेटीत पडून पडून रबर वाळलं. मुली गिरकी घेणार आणि स्कर्ट खाली येणार. सगळ्यांसमोर!"

सासूबाईंनी तो स्कर्ट हातात घेतला, ताणला, सोडला. पण संशय असा एका हिसक्यात सुटत नसतो. त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"दिसायला धडधाकट?"

"इलॅस्टिक."

"चांगलं रुंद, बसलं की हलायचं नाही?"

"नवीन इलॅस्टिक. रुंद असलं की पीळ पडत नाही, कंबरेवर सपाट बसतं."

"मग यांना का आणलंस?"

"मम्मीच्या घराखाली दुकान आहे म्हणून!"

विहीणबाई स्टुलावरून प्रथमच हलल्या. "थांबा थांबा. रुंद म्हणजे मी, असं वाटलं तुम्हाला?"

सासूबाईंनी तो प्रश्न ऐकला नाही. त्यांचं बोट अजून सूनबाईवर रोखलेलं होतं. "बरं. आणि घरात बसून असतं, खायला चार वेळा लागतं?"

सूनबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. इलॅस्टिक खात नाही, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं. सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच दिशेला वळल्या. मुलानं वाटी पाठीमागे नेली.

"मैत्रिणीनं... यांचं विचारलं होतं," सूनबाई पुटपुटली.

आई म्हणून सासूबाईंनी इथं पेटून उठायला हवं होतं. पण ज्याच्या पोटापायी आपण दिवसभर उपाशी राहिलो तो समोर उभा राहून चघळतोय, हे बघून त्यांची माया जरा आटली.

"खरं तेच बोलली. आण ती वाटी इकडे."

"आई!"

"आण म्हटलं ना!"

त्यांनी वाटी घेतली आणि उभ्या उभ्या खायला सुरुवात केली. दुसऱ्याच घासाला त्यांचा हात थांबला.

"म्हणजे तू माझी शिवण माझ्या मागे उसवणार होतीस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"मुळीच नाही."

"मग काय करायचं मी?"

सासूबाईंनी वाटी टेबलावर ठेवली. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "त्यापेक्षा मला घराबाहेर काढलं असतंस तर परवडलं असतं गं. चार लोकांत सांगता तरी आलं असतं. इलॅस्टिक काढलं, हे मी कुणाला सांगू?"

सूनबाईनं ब्लेड घेतलं आणि खाली मान घालून पहिला नेफा उसवायला बसली. आधीचे स्कर्ट तरी बरे होते. आज रागानं मारलेल्या शिवणींवर ब्लेड नुसतं घसरत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. नाचाच्या क्लासच्या बाई होत्या. सूनबाईचा हात पोचायच्या आत सासूबाईंनी तो उचलला.

"हं, बोला बाई. स्कर्ट? होताहेत की. जरासा उशीर होईल. काय झालं, इलॅस्टिकमध्ये दम नव्हता. वरून काही कळत नाही हो, पण ताणून बघितलं आणि माझ्या तेव्हाच लक्षात आलं. म्हटलं, लेकरं स्टेजवर नाचणार, आपल्याकडून असलं काम जायचं नाही. सगळं उसवायला लावलंय. आता रुंद घालतेय, पीळ पडत नाही त्याला." पलीकडून बरंच कौतुक झालं असावं, कारण सासूबाईंची मान ताठ होत गेली. "सूनबाई ना? आहे की. करते हाताखाली. शिकेल हळूहळू."

सूनबाईनं हातातलं ब्लेड जपून टेबलावर ठेवलं. त्या घडीला ते हातात असणं बरं दिसलं नसतं.