शेंडेकाकांनी पास केलेला शेवटचा ड्रॉवर

शेंडेकाका पुस्तक वाचत नसत, मोजत. पोलादी पट्टी काढायची, पुस्तक टेबलावर आडवं पाडायचं, एक डोळा मिटायचा आणि उंची सांगायची. उभी हयात कारखान्यात रेल्वेचे रूळ तपासण्यात गेलेली. वरमाला गळ्यात पडण्याआधी त्यांनी तिच्यातही तडा शोधला असणार.

भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय मरायला टेकलेलं. पोरं हिंदीत बोलतात, हिंदीतच रुसतात. उरलेल्या तीन वाचकांपैकी एक कुरुदहून येतो, तोही पंख्याखाली झोपायला. तरी मंडळानं ठरवलं, कार्डांवरची सूची संगणकावर घ्यायची. मी टाइप करणार, काका तपासणार. एकेक ड्रॉवर बिनचूक ठरला की त्यातली कार्डं रद्दीत.

ती कार्डं सुमनकाकूंनी लिहिलेली. काकांची बायको, मंडळाची बिनपगारी ग्रंथपाल. त्या गेल्याला दोन पावसाळे झाले होते. काकांनी कार्डं मागितली असती तर मंडळानं हार घालून दिली असती. मी सुचवलंही.

"संस्थेचा माल हाये तो," काका म्हणाले. "मी कारखान्यातून खिळा नाई आणला घरी."

मग माझा वनवास सुरू झाला. मी शंभर नोंदी टाकल्या की काका एकशे वीस परत पाठवत.

"हे काय लिवलं, भाऊ? पानं दोनशे बारा?"

"शेवटच्या पानावर तेच आहे, काका."

"अन् प्रस्तावनेची आठ पानं कोणाच्या बापाची? तिच्या कार्डावर पाहा, आठ अधिक दोनशे बारा. रिजेक्ट."

"एवढ्यानं काय बिघडतं?"

"रुळाले केसाएवढी भेग असन तं गाडी उलटते."

"इथं कोण बसलंय गाडीत?"

काकांनी पंख्याखालच्या घोरणाऱ्याकडे बोट दाखवलं.

वर्ष सरलं. म्हातारा मुद्दाम लांबवतो, अशी कुरकुर मंडळात सुरू झाली. मलाही तसंच वाटे. एकदा इरेला पेटून मी त्यांचे सगळे लाल शेरे पडताळले. एकही खोटा नव्हता. चुका माझ्याच होत्या.

शेवटच्या ड्रॉवरपर्यंत मी इतका तयार झालो होतो की चूक करायला जमेना. मग मुद्दाम चुका केल्या. कुठे पानं कमी, कुठे उंची जास्त. तेवढेच चार दिवस कार्डं काकांच्या हाताखाली राहतील.

काकांनी छापलेली यादी पाहिली. बराच वेळ लाल पेन उचललं नाही.

"ह्या चुका तुमच्या नाई, भाऊ."

"झाल्या असतील."

"वर्षभर तुमच्या चुका पाहून राहिलो मी. वळखतो ना." त्यांनी कार्डांचा गठ्ठा जवळ ओढला. "उद्या कार्डं राहणार नाईत. मंग कोणी पाह्यलं तं म्हणन, लिवणारीनंच चुकीचं लिवलं. आपल्या चुका तिच्यावर काहून टाकून राहिले?"

ते एकेक कार्ड वाचत गेले, मी दुरुस्त करत गेलो. एका कार्डावर ते थांबले.

"सात," ते म्हणाले. "तिच्या इंग्रजी साताले मधून रेघ राहे. कोणी एक वाचू नये म्हणून."

मग त्यांनी सही केली. कार्डं ठोकून कडा सारख्या केल्या, सुतळीनं बांधली आणि स्वतःच रद्दीच्या पोत्यात ठेवली.

दारात चपला घालताना त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

तपासायला काही उरलं नव्हतं.

"दहाला," मी म्हणालो.