खिळा हलला

दातार वकील कोर्टावर आले की आधी घरून आणलेल्या टेपनं नेट मोजायचे, मग चेंडू कानाशी धरून दाबायचे, आणि मग मला म्हणायचे, "मामा, खिळा हलला."

खिळा माझा. नाशिकच्या आमच्या क्लबातलं मातीचं टेनिस कोर्ट मी राखतो. सकाळी दोन टोकांना खिळे ठोकायचे, सुतळी ताणायची, तिच्या कडेनं चुन्याची रेघ ओढायची. शाळा तिसरीत सुटली, पण रेघ कधी वाकडी गेली नाही. तिच्यावर या माणसानं तीस वर्षं संशय घेतला. मग मीही त्यांच्यावर घेतला. आपण का सोडायचं?

समोरच्यानं चेंडू बाहेर म्हटला की यांचा विश्वास नाही. समोर सख्खा मुलगा असला तरी नाही. बाकावर बसलेल्या मला विचारणार. मी बोट वर केलं की बाहेर, हात आडवा केला की आत. त्यावर मात्र कधी वाद घातला नाही. हे मला लय उशिरा ध्यानात आलं.

दोन वर्षांमागं म्हणाले, रेघ जरा रुंद करा, दुप्पट. मी डाव ओळखला. यांची सर्व्हिस नेहमी बोटभर लांब पडते. आता म्हातारपणी चेंडूखाली रेघच सरकवायला निघाले. मी म्हटलं, "वकीलसाहेब, रेघ नियमाची हाय, तुमच्या सोयीची नाय."

टेप गुंडाळून निघून गेले. वकील गप्प बसला, म्हणजे माझा संशय पक्का.

यंदा त्यांनी खेळ सोडायचं ठरवलं. क्लबात चहा ठेवला. प्रत्येकानं त्यांच्या खेळातलं बरं-वाईट सांगायचं होतं. कोणी मनगटाची तारीफ केली, कोणी म्हणालं नेटजवळ यायला घाबरतात. माझं वाक्य मी आठवडाभर घोटून ठेवलं होतं: हात चोख, नियत खोटी. उठणार, तोच तेच उभे राहिले.

"खरी कमजोरी कोणालाच माहीत नाही," म्हणाले. "दोन वर्षं मला पलीकडची रेघ दिसत नाही. मामांचा हात तेवढा दिसायचा. त्याच्यावर खेळलो."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "मनगट चांगलं हाय," आणि बसलो. चहा गार झाला होता, तसाच प्यालो.

अजून रोज सकाळी येतात, रॅकेट न घेता. आल्या आल्या म्हणतात, "मामा, खिळा हलला."

मी आता एकच खिळा ठोकतो. सुतळीचं दुसरं टोक त्यांच्या हातात देतो आणि बजावतो, हलायचं नाय.

हलत नाहीत.