जिन्याला नमस्कार करणारे हर्डीकर

हर्डीकर जिना झाडायचे ते इस्त्रीचा शर्ट घालून, आणि झाडून झाला की जिन्यालाच वाकून नमस्कार करायचे.

आमची इमारत जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनची. तिथे जिना झाडायची पाळी भाडेकरूंमध्ये फिरते आणि ज्याची पाळी त्याच्याकडे पुठ्ठ्याची एक पाटी येते. माझ्याकडे आली की मी शनिवारी तळमजल्यावर हर्डीकरांची बेल वाजवायचो. "तुमचीच पाळी," अशी थाप मारून पाटी त्यांच्या हातात द्यायची. "आल्झो, चला, द्या इकडे!" ते खूश. जपानात नोकरीला असताना गल्लीतल्या देवळात झाडायला शिकलो, असं अभिमानाने सांगायचे. आमच्या कंपूत त्यांचं नाव 'झाडूबुवा'. नाव मीच ठेवलं. त्यांच्या नमस्काराचा व्हिडिओही व्हॉट्सॅपवर मीच टाकला.

पुढे कंपनीने मला पंधरा दिवस जपानला पाठवलं. हर्डीकरांनी पत्ता लिहून दिला. "आमच्या देवळात जाऊन या. आणि मोजे धड घाला." मी गेलो, पण खरं सांगायचं तर ग्रुपवर टाकायला आणखी काही गंमत मिळेल म्हणून.

देऊळ एवढंसं, गॅरेज आणि दातांचा दवाखाना यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं. मागे दोरीवर टॉवेल वाळत होते. बूट काढले तर मोज्यातून अंगठा बाहेर. म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी तो पाहिला, पण हसले नाहीत. हर्डीकरांचं नाव घेताच त्यांनी मला बुद्धाशेजारच्या फळीपाशी नेलं. तिथे गेलेल्या माणसांच्या नावांच्या लाकडी पट्ट्या होत्या. एकीवर देवनागरीत लिहिलं होतं, 'सौ. मंजिरी हर्डीकर'.

हर्डीकरांना बायको होती, हेच मला माहीत नव्हतं.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुजारी म्हणाले, ती इथल्याच इस्पितळात वारली. मग वर्षभर हर्डीकर रोज सकाळी यायचे, काही न बोलता अंगण झाडायचे आणि कामावर जायचे.

"जर्मनीत त्यांना कोणी आहे?"

"आहोत ना, आम्ही आहोत," मी म्हणालो. त्यावर पुजाऱ्यांनी मला कमरेत वाकून नमस्कार केला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

परत आल्यावर आधी तो व्हिडिओ काढून टाकला आणि खाली गेलो.

"हर्डीकर, तीन वर्षं मी माझा जिना तुमच्याकडून झाडून घेतोय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते शांतपणे म्हणाले. "अहो, इंजिनियर आहे मी. आठवडे मोजता येतात."

"मग बोलला का नाहीत?"



"बोललो असतो, तर तुम्ही बेल वाजवायचं थांबला असतात."